गेरासिमचे खांदे : ‘इव्हान इलिचचा मृत्यू’चे पुनर्वाचन

नोव्हेंबर हा आपल्या परंपरेत मृतांच्या स्मरणाचा महिना. या महिन्यातील प्रवचनांसाठी आम्हा धर्मगुरूंच्या हाताशी ज्या मोजक्या साहित्यकृती असतात, त्यांत लिओ टॉलस्टॉय यांची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही दीर्घकथा अग्रभागी असते. सेमिनरीत असताना मी ती प्रथम इंग्रजी भाषांतरातून वाचली आणि पुढे अनेकदा वेदीवरून सांगितली. सांगायला ती सोपी आहे. एक सुखवस्तू न्यायाधीश, मानमरातबामागे धावण्यात गेलेले त्याचे आयुष्य, अवचित जडलेला असाध्य आजार, असह्य वेदना आणि अखेरच्या पानावर अंधारात दिसलेला प्रकाश. पाच मिनिटांत कथा संपते, वेदनेच्या भट्टीत आत्मा उजळून निघतो हे तात्पर्य श्रोत्यांच्या पदरी पडते आणि आपण पुढच्या प्रार्थनेकडे वळतो.

अलीकडे ही कथा पुन्हा सावकाश वाचली, तेव्हा मनात अस्वस्थता दाटून आली. तिचे सार म्हणून मी जे इतकी वर्षे सांगत आलो, ते कथेत तसे नाहीच, असे जाणवले. माझ्या त्या सांगण्याने कथेवर अन्याय झाला, ही गोष्ट कदाचित क्षम्य असेल. परंतु त्याच सांगण्याने आपल्या घराघरांतून अंथरुणाला खिळलेल्या माणसांवरही अन्याय होत असावा, ही शंका मला स्वस्थ बसू देईना. तिचा उलगडा करण्यासाठी हा लेखनप्रपंच.

ही कथा १८८६ साली प्रसिद्ध झाली. ‘युद्ध आणि शांती’ व ‘ॲना कॅरेनिना’ या दोन महान कादंबऱ्या लिहून झाल्यानंतर टॉलस्टॉय एका खोल आध्यात्मिक संकटातून गेले. मृत्यू अटळ असेल, तर जगण्याला अर्थ कोणता, या प्रश्नाने त्यांना ग्रासले होते. त्या मंथनानंतरची ही त्यांची पहिली महत्त्वाची ललितकृती. तुला या शहरातील इव्हान इलिच मेच्निकोव्ह नावाचे न्यायाधीश १८८१ मध्ये निधन पावले. त्यांच्या मरणाची हकीकत टॉलस्टॉय यांच्या कानी आली आणि तिच्यातून कथेचे बीज पडले. पुढे १९०८ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले जीवशास्त्रज्ञ एली मेच्निकोव्ह हे याच न्यायाधीशांचे बंधू होत.

कथेची बारा प्रकरणे आहेत आणि नायकाच्या मृत्यूची वार्ता पहिल्याच प्रकरणात येते. न्यायालयाच्या इमारतीत, खटल्याच्या मधल्या सुट्टीत, सहकारी वर्तमानपत्रातून ती वाचतात. प्रत्येकाच्या मनात पहिला विचार येतो, तो रिकाम्या झालेल्या जागेवर कोणाची बढती होणार याचा. दुसरा विचार सुटकेचा असतो : मेला तो दुसरा कोणी, आपण नव्हे. विधवा पत्नी प्रास्कोव्या फ्योदोरोव्ना शोक करता करताच सरकारकडून अधिक रक्कम कशी मिळवता येईल याची चौकशी करते. पुढे काय होणार याची उत्सुकता लेखकाने अशा रीतीने आरंभीच काढून घेतली आहे. हा माणूस मरणार हे आपल्याला ठाऊक आहे. आता पाहायचे आहे ते एवढेच, की तो कसा मरतो आणि त्या वेळी त्याच्या भोवतीची माणसे कशी वागतात. माझ्या मते कथेचा खरा विषय या उत्तरार्धात, म्हणजे भोवतीच्या माणसांत आहे. आणि आम्ही प्रवचनकारांनी नेमका तोच वगळला आहे.

इव्हान इलिच हा काही दुष्ट गृहस्थ नाही. तो लाच खात नाही, कामात चोख आहे, वागण्यात सभ्य आहे. चारचौघे ज्याला योग्य म्हणतील ते करायचे आणि जे अशोभनीय दिसेल ते टाळायचे, एवढेच त्याचे नीतिशास्त्र. नव्या घराचे पडदे कसे लावावेत हे कारागिराला दाखवताना तो शिडीवरून घसरतो आणि त्याच्या कुशीला मार बसतो. दुखणे क्षुल्लक वाटते. हळूहळू तोंडाची चव बिघडते, कूस जड होते, वेदना वाढत जातात. डॉक्टरांकडे गेल्यावर एक विलक्षण प्रसंग घडतो. मूत्रपिंड जागचे सरकले आहे की आतड्याचा विकार आहे, याची विद्वत्तापूर्ण चर्चा डॉक्टर करतात. रोग्याचा प्रश्न मात्र एकच आहे : माझे दुखणे जिवावरचे आहे का? या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. तेव्हा इव्हान इलिचच्या ध्यानात येते की, आपण न्यायासनावरून आरोपीकडे ज्या चेहऱ्याने पाहत होतो, तोच चेहरा आज डॉक्टरांनी धारण केला आहे. समोरच्या माणसातून माणूस वजा करून उरलेल्या प्रकरणाचा निकाल द्यायचा, ही कला त्याने आयुष्यभर जोपासली होती. आज तो स्वतःच एक प्रकरण झाला आहे.

टॉलस्टॉय यांनी डॉक्टरांवर अज्ञानाचा आरोप केलेला नाही. त्या काळच्या वैद्यकाला जेवढे ठाऊक होते, तेवढे ते करतात. अफू देतात, मॉर्फिन टोचतात. त्यांचा दोष वेगळा आहे. ते रोगाकडे पाहतात आणि रोगी त्यांच्या दृष्टीतून निसटतो.

येथून कथेत एक असत्य प्रवेश करते आणि अखेरपर्यंत घरात मुक्काम ठोकते. इव्हान इलिच मरणाच्या वाटेवर आहे हे पत्नीला ठाऊक आहे, मुलीला ठाऊक आहे, डॉक्टरांना ठाऊक आहे आणि त्याला स्वतःलाही ठाऊक आहे. तरीही सगळे मिळून असे दाखवतात की, तो केवळ आजारी आहे. औषधे वेळेवर घेतली, पथ्य पाळले, की बरा होईल. या नाटकात त्यालाही भाग घ्यावा लागतो. एका संध्याकाळी घरची मंडळी नटून थटून सारा बर्नार्ट या विख्यात फ्रेंच अभिनेत्रीचा प्रयोग पाहायला निघतात आणि जाण्यापूर्वी त्याच्या खोलीत डोकावून जातात. खरे नाटक कोठे चालू आहे, हे सांगण्याची गरज लेखकाला वाटत नाही.

वेदनेपेक्षाही या असत्याने तो अधिक पोळतो, असे टॉलस्टॉय स्पष्टपणे नोंदवतात. कारण असत्याने त्याला एकटे पाडले आहे. मरण हा त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आणि गंभीर प्रसंग. परंतु त्याविषयी बोलायला घरात एकही माणूस नाही. आजारी लेकराला जवळ घेऊन थोपटतात, तसे कोणी आपल्याला थोपटावे, आपल्यासाठी रडावे, अशी त्याची मनोमन इच्छा आहे. तेवढ्यात एक सहकारी भेटीला येतो आणि हा दाढी पिकू लागलेला न्यायाधीश चेहरा गंभीर करून एका न्यायनिवाड्यावर आपले मत देऊ लागतो. मला हा प्रसंग संपूर्ण कथेतील सर्वांत करुण वाटतो.

आपल्या मराठीत ‘प्रतिष्ठा’ हा एकच शब्द दोन अर्थ वाहतो. समाजातील मानमरातब ही प्रतिष्ठाच आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणीत आपण जिला मानवी प्रतिष्ठा म्हणतो, तीही प्रतिष्ठाच. पहिली हुद्द्याने मिळते. दुसरी जन्मासोबत येते, कारण माणूस देवाच्या प्रतिमेत घडलेला आहे. इव्हान इलिचने पहिलीच काय ती ओळखली होती. आजाराने ती त्याच्याकडून काढून घेतली आणि आता तो बिछान्यात पडून आहे. दुसरी त्याच्यापाशी आहे, परंतु ती आहे याची साक्ष देणारे कोणी नाही. मूळ संस्कृतात ‘प्रतिष्ठा’ म्हणजे ज्यावर एखादी गोष्ट स्थिर उभी राहते तो आधार. हा तिसरा अर्थ आपण विसरून गेलो आहोत. टॉलस्टॉय यांना संस्कृत व्युत्पत्तीशी काही कर्तव्य नव्हते. पण सातव्या प्रकरणात त्यांनी जे चित्र रेखाटले आहे, ते या विसरलेल्या अर्थाचेच चित्र आहे.

गेरासिम हा घरातला तरुण नोकर. खेड्यातून आलेला, धडधाकट, स्वच्छ, प्रसन्न. रोग्याची शौचाची भांडी उचलणे हे त्याचे काम. या कामाची इव्हान इलिचला अतोनात लाज वाटते. आयुष्यभर शोभनीयतेची पूजा केलेल्या माणसाला आपल्या देहाचा दुर्गंध दुसऱ्याने सोसावा हे सहन होत नाही. तो गेरासिमपाशी दिलगिरी व्यक्त करतो. गेरासिमला त्यात विशेष काही वाटत नाही. माणूस आजारी आहे, मग हे करायलाच हवे, अशा सहजतेने तो ते करतो. पुढे इव्हान इलिचच्या ध्यानात येते की, पाय उंच धरले की वेदना कमी होतात. मग गेरासिम त्याचे पाय आपल्या खांद्यांवर घेऊन बसतो, कधी कधी रात्रभर. घरात हा एकच माणूस असा आहे की जो खोटे बोलत नाही. आपण सगळेच केव्हा तरी मरणार, मग थोडे कष्ट घ्यायला काय हरकत आहे, असे तो साधेपणाने बोलून दाखवतो. त्याची वेळ येईल तेव्हा दुसरा कोणी त्याच्यासाठी हे करील, असा त्याचा विश्वास आहे.

गेरासिमची सेवा आणि गेरासिमचे सत्य या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे येथे लक्षात घ्यायला हवे. पत्नीही सेवा करते. औषधाच्या वेळा पाळते, नामांकित डॉक्टरांना बोलावते. परंतु तिची सेवा असत्याच्या सोयीसाठी आहे, म्हणून तिचा स्पर्श रोग्याला नकोसा होतो. उलट गेरासिम सत्य सांगतो, पण ते त्याच्या अंगावर फेकून निघून जात नाही. सत्य बोलून झाल्यावर तो पाय खांद्यावर घेऊन तेथेच बसून राहतो. रोग्याला खरे सांगावे की नाही, या आपल्याकडील वादात ही गोष्ट नेहमी निसटते. खरे सांगण्याचा अधिकार त्यालाच आहे, जो सांगितल्यावर तेथे थांबणार आहे.

आता मी अशा प्रसंगाकडे वळतो, की ज्याचा उल्लेख मी प्रवचनात कधीच केला नाही. अकराव्या प्रकरणात एक धर्मगुरू येतो. पत्नी सुचवते की, धर्मगुरूंना बोलवावे. त्याने काही अपाय नाही, उलट निरोगी माणसेही संस्कार घेतात. इव्हान इलिच पापनिवेदन करतो, ख्रिस्तप्रसाद स्वीकारतो आणि त्याचे डोळे भरून येतात. क्षणभर त्याला हलके वाटते. त्यानंतर पत्नी आत येते, अभिनंदन करते आणि आता बरे वाटते ना, असे विचारते. तिच्याकडे न पाहता तो होकार देतो. त्या एका होकारासरशी सगळे कोसळते. तिची वेशभूषा, तिचा स्वर, सगळे त्याला खोटे दिसू लागते आणि तेथून तीन दिवस अखंड चाललेला आक्रोश सुरू होतो.

धर्मगुरू म्हणून हे पान वाचणे मला जड गेले. टॉलस्टॉय यांचे संस्थात्मक धर्माशी वाकडे होते, १९०१ मध्ये रशियन ऑर्थोडॉक्स धर्मसभेने त्यांना बहिष्कृतही केले, हे दाखले देऊन ते पान बाजूला सारता येते. मीही तसेच करीत आलो. परंतु नीट पाहिले तर टॉलस्टॉय यांनी संस्काराची टिंगल केलेली नाही. संस्काराने रोग्याला खरोखर दिलासा मिळतो, त्याची आसवे खरी आहेत. दोष आहे तो संस्कार ज्या वाटेने घरात आला त्या वाटेचा. मरणाची तयारी म्हणून तो आणला गेला नाही. बरे होण्याच्या नाटकातील आणखी एक औषध म्हणून आणला गेला. धर्मगुरूने त्या नाटकातील आपली भूमिका मुकाट्याने वठवली आणि तो निघून गेला.

ही भूमिका मीही वठवली आहे. गुरुदीक्षेनंतर पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. धर्मग्रामातील एक निवृत्त गृहस्थ जठराच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या मुलाने मला ओटीवरच थांबवले आणि हलक्या आवाजात म्हणाला, “फादर, बाबांना अल्सर आहे असंच आम्ही सांगितलंय. अभ्यंगाचं तेल बाहेर काढू नका, ते घाबरतील. नुसता आशीर्वाद द्या.” मुलगा बापावर प्रेम करणारा होता. मी त्याचे ऐकले. आत जाऊन डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “काळजी करू नका, लवकर बरे व्हाल. ईस्टरला चर्चमध्ये भेटू.” ते माझ्याकडे क्षणभर पाहत राहिले. मग “हो फादर” एवढेच म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केले. तीन आठवड्यांनी रात्री मला बोलावणे आले, तेव्हा ते बेशुद्ध होते. शुद्ध हरपलेल्या त्या देहाला मी अभ्यंग केला. अंत्यविधीनंतर काही दिवसांनी त्यांच्या पत्नीने मला सांगितले, “त्या दिवशी तुम्ही गेल्यावर ते मला म्हणाले, ‘फादरांनाही माहीत नाही का गं?’”

त्या प्रश्नाचे उत्तर आजही माझ्यापाशी नाही. इव्हान इलिचचा होकार आणि त्या गृहस्थांचा “हो फादर” यांत मला आता काही अंतर दिसत नाही.

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर, १९७२ साली पोप पॉल सहावे यांनी रुग्णाभ्यंगाचा नवा विधी प्रसृत केला. हा संस्कार केवळ अखेरच्या घटकेसाठी नाही; गंभीर आजाराने किंवा वार्धक्याने जीव धोक्यात येऊ लागला की तो घ्यावा, रोग्याने शुद्धीवर असताना, प्रार्थनेत सहभागी होऊन घ्यावा, हा त्याचा गाभा. या गोष्टीला अर्धशतक उलटून गेले. तरीही ‘फादर आले म्हणजे संपले’ ही समजूत आपल्या घरांतून हललेली नाही. ती हलत नाही, कारण आपण धर्मगुरू रोग्याची शुद्ध हरपल्यावरच तेथे पोचतो. आणि शुद्ध हरपल्यावरच पोचतो, कारण ती समजूत हललेली नाही. हे चक्र मोडायचे असेल, तर कोणीतरी वेळेवर खरे बोलायला हवे.

आता त्या शेवटच्या पानाकडे येऊ. मृत्यूपूर्वी दोन तास. इव्हान इलिच ओरडत आहे, हात झाडत आहे. शाळकरी मुलगा वास्या हळूच आत येतो. बापाचा हात त्याच्या डोक्यावर पडतो. मुलगा तो हात धरून ओठांशी नेतो आणि रडू लागतो. नेमक्या याच क्षणी बापाला प्रकाश दिसतो. त्याला मुलाची कीव येते, पत्नीचीही कीव येते. त्याला क्षमा मागायची असते. दुबळ्या जिभेवरून त्या शब्दाशी साम्य असलेला, वाट मोकळी करण्याच्या अर्थाचा दुसराच शब्द निसटतो. परंतु ज्याला समजायला हवे त्याला समजेल, म्हणून तो दुरुस्त करीत नाही. मृत्यूचे भय जाते. तो मरतो.

वेदनेने त्याला उजळले, असे मी सांगत आलो. कथेत मात्र तीन दिवसांच्या वेदनेने काहीही उजळलेले नाही. तीन दिवस तो केवळ ओरडला आहे. प्रकाश येतो तो मुलाच्या डोक्यावर पडलेल्या हातातून. भेटीला येणाऱ्यांत वास्या हा एकच असा आहे, की ज्याला अभिनय येत नाही. गेरासिमखेरीज त्यालाच आपली कीव येते, हे इव्हान इलिचने आधीच हेरलेले आहे. ज्याला करुणा मिळाली, तोच अखेरीस करुणा देऊ शकला. म्हणजे या परिवर्तनाचा पाया गेरासिमच्या खांद्यांवर घातला गेला आहे. ती रात्रीमागून रात्र वगळून फक्त प्रकाश सांगणे म्हणजे वधस्तंभाखाली उभ्या राहिलेल्या मारियेला आणि योहानाला वगळून दुःखसहनाची कथा सांगण्यासारखे आहे. प्रभूनेही गेथशेमनी बागेत शिष्यांना फार मोठे काही मागितले नव्हते. आपल्याबरोबर थोडा वेळ जागे राहावे, एवढेच मागितले होते.

वेदना भोगणे हीच पवित्रता आणि ती कमी करणे म्हणजे श्रद्धेची उणीव, असा समज आपल्यातील काही भाविकांत आढळतो. ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. १९५७ च्या फेब्रुवारीत भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देताना पोप पायस बारावे यांनी स्पष्ट केले होते, की अन्य मार्ग नसेल तर वेदनाशामके देणे योग्य आहे. त्यायोगे आयुष्य काहीसे घटण्याचा संभव असला तरीही, हेतू वेदना शमवण्याचाच असेल तर त्यास प्रत्यवाय नाही. जीव घेण्याचा हेतू आणि वेदना शमवण्याचा हेतू यांतील भेद ख्रिस्तसभेने कधीही पुसू दिलेला नाही. ज्यांना वेदना स्वेच्छेने प्रभूच्या दुःखाशी जोडायच्या असतील, त्यांची ती साधना वंदनीय आहे. परंतु ती दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार निरोगी माणसाला नाही.

इव्हान इलिचला मॉर्फिन मिळाले, तरी त्याचा उपयोग झाला नाही. असे का व्हावे, याचे उत्तर पुढच्या शतकात डॉ. सिसिली सॉन्डर्स या ब्रिटिश महिलेने दिले. प्रथम परिचारिका, मग समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झालेल्या या बाईंनी लंडनमध्ये कॅथलिक धर्मभगिनींच्या सेंट जोसेफ्स रुग्णाश्रमात काम करताना दाखवून दिले की, वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने मॉर्फिन दिले, तर रोगी वेदनामुक्तही राहतो आणि शुद्धीवरही. त्याचबरोबर त्यांनी सर्वांगीण वेदनेची कल्पना मांडली : देहाची वेदना, मनाची, नात्यांची आणि आत्म्याची वेदना ही एकमेकींत गुंतलेली असते, एकीला वगळून दुसरी शमत नाही. इव्हान इलिचला मॉर्फिनने आराम का पडला नाही, हे येथे उमगते. त्याच्या असत्याने वेढलेल्या एकाकीपणावर कोणी उपचार केलाच नव्हता. १९४८ मध्ये मरण पावलेल्या डेव्हिड तास्मा या पोलिश ज्यू निर्वासिताने बाईंच्या भावी आश्रमातील एका खिडकीसाठी ५०० पौंड मागे ठेवले होते. त्या खिडकीभोवतीची वास्तू, सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, १९६७ मध्ये उभी राहिली.

आपल्याकडे ही परंपरा नवी नाही. वांद्र्याला माऊंट मेरीच्या परिसरात डॉ. लुईस जोस डिसोझा यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले ‘शांती अवेदना’ हे भारतातील पहिले हॉस्पिस. १९९३ मध्ये कोझिकोडे येथे सुरू झालेल्या कार्याने केरळमध्ये ही सेवा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती सोपवली. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिन मिळवणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी सुकर केली. ९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा अधिकार जीविताच्या अधिकारातच अंतर्भूत मानला आणि निरुपयोगी यंत्रोपचार थांबवण्याविषयी माणसाने आधी लिहून ठेवलेल्या इच्छेला मान्यता दिली. निष्फळ उपचारांचा अट्टहास सोडणे आणि जीव घेणे यांतील सीमारेषा कोठे आखावी, याविषयी आपण जागरूक राहायला हवेच. परंतु कायदा फार तर एखादे यंत्र बाजूला करू शकतो. त्या जागी माणसाचा खांदा आणून ठेवणे त्याच्या आवाक्यात नाही.

एवढे सगळे मान्य करूनही, या कथेत एक उणीव आहे असे मला वाटते. गेरासिम कधी थकत नाही. रात्रभर पाय खांद्यावर घेऊन बसलेला हा मुलगा सकाळी तितकाच टवटवीत असतो. त्याची झोप, त्याचे अवघडलेले अंग, त्याचा पगार, यांविषयी टॉलस्टॉय यांना कुतूहल नाही. खेडुतांविषयीच्या त्यांच्या भक्तिभावाने येथे त्यांच्यातील वास्तववादी लेखकावर मात केली आहे. दुसरीकडे प्रास्कोव्या फ्योदोरोव्नाच्या मनात शिरण्याचे कष्ट त्यांनी घेतलेले नाहीत. वर्षानुवर्षे ज्या नवऱ्याशी संवाद नाही, त्याचे ओरडणे तीन दिवस भिंतीपलीकडून ऐकणाऱ्या स्त्रीला काय वाटले असेल? पहिल्या प्रकरणात ती ते सांगू पाहते. लेखक तेथे तिची थट्टा करतो. आपल्या घरांतून गेरासिमचे काम बहुधा सुना, लेकी आणि पत्नीच करतात. त्या थकतात, चिडतात, रात्री उशीत तोंड खुपसून रडतात आणि सकाळी पुन्हा भांडे उचलतात. त्यांना गेरासिमचा आदर्श दाखवून अपराधी वाटायला लावणे हा आणखी एक अन्याय ठरेल. गेरासिमला घडवायचा असेल, तर गेरासिमलाही कोणीतरी खांदा द्यावा लागतो.

म्हणून या नोव्हेंबरात प्रवचनासाठी हीच कथा हाती घेईन, तेव्हा अखेरच्या पानापासून आरंभ करणार नाही. सातव्या प्रकरणापासून करीन. गेल्या काही वर्षांत आमच्या धर्मग्रामातील काही मंडळी आळीपाळीने दीर्घ आजाऱ्यांच्या घरी जाऊन दोन तास बसतात. हेतू एवढाच, की घरच्या बाईला तेवढा वेळ निर्धास्त झोपता यावे. मीही आठवड्यातून एकदा जातो. तेलाची कुपी आता मी खिशात लपवीत नाही. मेणबत्तीशेजारी सर्वांना दिसेल अशी ठेवतो. मध्यंतरी एका आजीबाईंनी ती पाहिली आणि विचारले, “फादर, वेळ झाली का हो माझी?” मी म्हणालो, “दिवस थोडे आहेत, आजी. पण मी लगेच जाणार नाही.” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पाय जरा वर करून द्या.”

मी त्यांच्या पायांखाली उशी सरकवली आणि पाय धरून बसलो. आत सून झोपली होती.